कळतं पण वळत नाही, यावर काम करता येतं

पत्र:

"मी ४७ वर्षांचा आहे. साखर कारखान्यात हिशेब विभागात नोकरी. स्वभाव तापट, नाकावर राग. वाचनाची आवड आहे. ज्ञानेश्वरीची दोन पारायणं झाली, प्रवचनं ऐकतो, क्रोध वाईट हे मला कुणी सांगायला नको. तरी परवा काय झालं पाहा. संध्याकाळी सातला घरी आलो. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नव्हतं. दारातच दिसलं की पाण्याची मोटार चालू आहे आणि टाकी भरून गच्चीवरचं पाणी अंगणात वाहतंय. मोटार बंद करायचं काम दहावीतल्या मुलीकडे होतं. अभ्यासाच्या नादात ती विसरली. मी मोटार बंद केली आणि पुढची दहा मिनिटं तिला बोललो. मोटारीवरून नववीतल्या गणिताच्या मार्कांवर गेलो, तिथून मोबाइलवर, तिथून 'आईच्याच वळणावर गेलीस' इथपर्यंत. ती न जेवता झोपली. त्याच सकाळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर क्षमेचा सुविचार पाठवला होता. बायकोने तो मला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मुलीला सॉरी म्हटलं, पण 'तूही लक्ष द्यायला हवं होतंस' असंही म्हणून बसलो. आणखी एक, त्याच दुपारी साहेबांनी चार लोकांत माझा पाणउतारा केला होता, चूक माझी नसताना. तिथे मी चकार शब्द काढला नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं का? एवढं कळत असून वळत का नाही? आणि राग सोडलाच तर लोक डोक्यावर बसणार नाहीत का?"
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट तुम्ही 'आणखी एक' म्हणून शेवटी लिहिली आहे. दुपारी साहेबांपुढे तुम्ही गप्प बसलात. म्हणजे तुम्हाला राग आवरतच नाही असं नाही. तो आवरतो, फक्त कुणापुढे आवरायचा आणि कुणापुढे मोकळा सोडायचा हे तुमच्या नकळत ठरून गेलं आहे. तापट माणसाने स्वतःबद्दल आधी हे तपासायला हवं, कारण 'माझा स्वभावच असा' हे म्हणणं तिथेच सैल पडतं.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२) वक्तृत्वशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात रागाची बारीक तपासणी केली आहे. आपला किंवा आपल्या माणसाचा विनाकारण अवमान झाला असं वाटून होणारं दुःख आणि त्याची परतफेड करण्याची इच्छा, हे दोन्ही मिळून राग होतो असं तो सांगतो. पुढे तो दोन निरीक्षणं नोंदवतो, ती तुम्हाला थेट लागू आहेत. पहिलं: एकाच वेळी एखाद्याची भीती आणि त्याच्यावर राग, हे दोन्ही होत नाही. दुसरं: एकावर राग निघून गेला की माणूस दुसऱ्याच्या बाबतीत शांत होतो. यासाठी तो फिलोक्रेटिस नावाच्या अथेन्सच्या पुढाऱ्याचा दाखला देतो. लोक त्याच्यावर चिडले होते, तेव्हा कुणीतरी विचारलं, बाजू का मांडत नाहीस? तो म्हणाला, आत्ता नाही, आधी दुसऱ्या कुणावर आळ आलेला दिसू दे. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. दुपारी झालेला अवमान खरा होता, त्याचं दुःखही खरं होतं, पण समोर भीती होती म्हणून ते तसंच पोटात राहिलं. संध्याकाळी ज्या माणसाची भीती वाटत नाही असं पहिलं माणूस समोर आलं, ते म्हणजे तुमची मुलगी.

मग पाण्याचं काय, ते तर खरंच वाहत होतं? हो. पण वाहत्या पाण्याबद्दल एका मिनिटाचं बोलणं पुरलं असतं. उरलेली नऊ मिनिटं दुसऱ्या कशाची तरी होती.

ते दुसरं काय, तेही याच ग्रंथात सापडतं. विसरण्याने माणसं का चिडतात, याचं कारण त्यात दिलं आहे. विसरणं हे बेपर्वाईतून येतं आणि बेपर्वाई म्हणजे आपल्याला किंमत न देणं, असं आपण मनात धरतो. अगदी नाव विसरलं तरी राग येतो तो याचमुळे. आता दारात उभे असताना तुमच्या मनात काय झालं ते पाहा. डोळ्यांना दिसलं एवढंच की मोटार चालू राहिली. मनाने त्यात एक वाक्य घातलं: 'हिला माझ्या शब्दाची किंमत नाही.' दुपारी साहेबांनी किंमत दिली नव्हती, त्यामुळे हे वाक्य जिभेवर तयारच होतं. मुलीने अवमान केला नव्हता, ती अभ्यास करत बसली होती. दहा मिनिटं तुम्ही उत्तर दिलंत ते या आतल्या वाक्याला. म्हणूनच मोटार बंद झाल्यावरही राग बंद झाला नाही.

आणि उपाशीपोटी होतात, हेही किरकोळ समजू नका. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ, सम्राट नीरोचा शिक्षक, मृत्यू इ.स. ६५. त्याने आपला भाऊ नोव्हाटस याला उद्देशून रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. दमलेला माणूस भांडण उकरून काढतो ही जुनी म्हण तो त्यात देतो, आणि भुकेल्या-तहानलेल्यालाही ती लागू आहे असं सांगतो. सद्गुणांच्या चर्चेत पोटाची गोष्ट हलकी वाटते, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना ती हलकी वाटली नव्हती.

आता 'कळतं पण वळत नाही' याकडे येऊ, कारण तुमच्या पत्राचा खरा जीव तिथे आहे.

हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसताना, जणू कुणी बळजबरीने ओढत नेल्यासारखा, माणूस पाप का करतो? सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की असं होऊच शकत नाही. खरं चांगलं काय ते ज्याला कळलं तो वाईट करणार नाही, केलं तर त्याला कळलेलंच नव्हतं. ॲरिस्टॉटलला हे पटत नाही, कारण रोज डोळ्यांसमोर उलट दिसतं. निकोमॅकियन एथिक्स या ग्रंथाच्या सातव्या भागात तो प्रश्नाची फोड वेगळी करतो. माहीत असणं दोन प्रकारचं: एक, ज्ञान जवळ आहे पण या क्षणी वापरात नाही, दुसरं, ते या क्षणी जागं आहे. झोपलेल्या, वेड लागलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाजवळही ज्ञान असतं. दारुडा एम्पेडोक्लिस या ग्रीक कवी-तत्त्वज्ञाच्या कवितेच्या ओळी अचूक म्हणून दाखवील, म्हणून तो त्या वेळी त्यांचा अर्थ जगतो आहे असं नाही. नवशिके विद्यार्थीही वाक्यांना वाक्यं जोडून म्हणतात. पण त्यांना अजून कळलेलं नसतं, कारण ज्ञान अंगात मुरावं लागतं आणि मुरायला वेळ लागतो. सकाळी पाठवलेला सुविचार खोटा नव्हता आणि तुम्ही ढोंगीही नाही. तो सुविचार संध्याकाळी सात वाजता तुमच्यात जागा नव्हता, इतकंच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, बासष्ट आणि त्रेसष्टाव्या श्लोकांत, ही साखळी पायरीपायरीने सांगितली आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून काम, त्यातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धिनाश. क्रोधानंतर लगेच बुद्धी जात नाही, मधे स्मृती जाते. जे ठाऊक होतं ते त्या घडीला आठवत नाही. म्हणूनच आणखी वाचन हा तुमच्या दुखण्यावरचा उपाय नाही. तिसरं पारायण आत्ता करू नका, हे मी पूर्ण आदराने म्हणतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर शेवटच्या समासात पढतमूर्खासाठी वेगळी जागा ठेवली, ती याच कारणाने. त्यांना अडाण्यापेक्षा बहुश्रुताची काळजी जास्त होती, कारण त्याच्याजवळ सगळं असतं आणि ते वेळेला कामाला येत नाही.

काम करायचं तर आपला राग कुठल्या जातीचा आहे हे आधी ओळखावं लागतं. रागीट म्हणून सगळ्यांना एकच औषध दिलं की बिघडतं. ॲरिस्टॉटल निकोमॅकियन एथिक्सच्या चौथ्या भागात रागीट माणसांच्या तऱ्हा सांगतो. काही चटकन चिडतात, नको त्या माणसावर, नको तितकं चिडतात, पण चटकन शांतही होतात. त्यांतलेच काही टोकाचे, कशावरूनही पेटणारे. तिसरे कुढे: राग दाबून ठेवतात, तो बाहेर दिसत नाही म्हणून समजूतही कुणी काढत नाही, आणि आतल्या आत पचायला फार काळ जातो. यांचा जाच स्वतःला आणि जवळच्यांनाच होतो. चौथे उट्टं काढल्याशिवाय शांत न होणारे, त्यांच्याबरोबर राहणं सर्वांत अवघड. तुमच्या पत्रावरून तुम्ही घरात पहिल्या तऱ्हेचे दिसता: दुसऱ्याच दिवशी माफी मागायला गेलात. ऑफिसात मात्र तिसऱ्या तऱ्हेचे आहात. दोन जागी दोन तऱ्हा, हे बऱ्याच जणांचं असतं, आणि ते लक्षात न आल्यामुळे घरातलं औषध ऑफिसातल्या दुखण्यावर लावलं जातं.

दुसरी ओळख आणखी उपयोगाची आहे. कळून न वळणाऱ्यांचे सातव्या भागात दोन गट केले आहेत. एक दुबळे: विचार करतात, ठरवतात, पण ठरलेल्याला चिकटून राहत नाहीत. दुसरे उतावळे: विचार करायला थांबतच नाहीत. गोडाच्या डब्यापुढे हरणारा बहुधा पहिल्या गटातला असतो. तुम्ही दुसऱ्या. रागाच्या उतावळेपणाला ॲरिस्टॉटल घाईच्या नोकराची उपमा देतो: मालकाचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच तो धावत सुटतो आणि मग काम चुकवतो. राग विवेकाचं ऐकतो, पण अर्धवट. दुबळ्याला निश्चय पक्का करण्याची गरज असते. उतावळ्याला निश्चयाची नाही, वेळेची गरज असते. 'आजपासून रागावणार नाही' अशी शपथ तुम्ही अनेकदा घेतली असेल. ती तुमच्यासाठी चुकीचं औषध होती.

वेळ नेमका कुठे मिळवायचा? सेनेका रागाच्या तीन हालचाली सांगतो. पहिली आपल्या हातात नसते: कानशिलं तापणं, छातीत धडधड, जबडा आवळला जाणं. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येतो, तशीच ही. दुसऱ्या हालचालीत मन होकार देतं: 'माझा अवमान झाला, याला शिक्षा व्हायलाच हवी.' तिसऱ्यात सगळं हाताबाहेर जातं. काम करायची जागा पहिली आणि दुसरी यांच्या मधली. पहिलीवर काम करायला गेलात तर रोज हराल, कारण ती थांबवता येत नाही. तिसरीत असताना कुणी शांत व्हा म्हणालं तर आगीत तेल पडतं, हे तुमच्या घरच्यांना माहीत असेलच.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं काम राग येण्याच्या तासभर आधीचं आहे. कारखान्यातून निघताना काहीतरी खा, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एखादं केळं, आणि पाणी प्या. घरात पाऊल टाकल्यापासून पहिली वीस मिनिटं कुणाचीही चूक काढायची नाही, दिसली तरी. मोटार बंद करा, पाणी थांबवा, चप्पल जागेवर ठेवा. हाताने करायचं ते सगळं चालेल, तोंडाने करायचं ते नाही. घरच्यांना हा नियम सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही गप्प दिसलात तर त्यांना ती वादळापूर्वीची शांतता वाटणार नाही. आणि टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा वॉटर लेव्हल कंट्रोलर बसवून घ्या. रोज परीक्षा ठेवून रोज उत्तीर्ण होण्यात सद्गुण नसतो. टाळता येणारा प्रसंग टाळणं हेही शहाणपणाचंच काम आहे.

तरी ठिणगी पडेलच. तेव्हा विचार करू नका, आधी शरीराकडे पाहा. रागाची सगळी बाह्य चिन्हं उलटी करा असं सेनेका सांगतो: चेहरा सैल, आवाज हळू, पाऊल सावकाश. बाहेरच्याप्रमाणे हळूहळू आतलंही वळतं. उभे असाल तर बसा. मग थोडी उसंत काढा. अथेनोडोरस नावाच्या तत्त्ववेत्त्याने सम्राट ऑगस्टसला निरोप घेताना दिलेला सल्ला प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नोंदवला आहे: राग आला की मनातल्या मनात चोवीस अक्षरांची वर्णमाला म्हणून होईपर्यंत काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. तुम्ही क पासून ज्ञ पर्यंत म्हणा, घाई न करता. त्या वेळात शिक्षा कोणती द्यावी, टोमणा कोणता मारावा याची जुळवाजुळव होत असेल तर ती उसंत वाया गेली. त्या वेळात एकच प्रश्न हवा: जे दिसलं ते काय, आणि त्यात मी घातलेलं वाक्य कोणतं?

त्यानंतर बोलायचंच असेल तर एक चूक, एक वाक्य. 'मोटार चालू राहिली, पाणी वाया गेलं. पुन्हा होऊ नये म्हणून काय करू या?' एवढंच. 'नेहमी', 'कधीच', मागचे मार्क आणि दुसऱ्या माणसाचं नाव या चार गोष्टी त्या बोलण्यात येता कामा नयेत. तुमचं भाषण अशाच पायऱ्यांनी घसरत गेलं. आणि इथे एक अवघड गोष्ट मान्य करायला हवी. परतफेडीच्या कल्पनेमुळे रागात एक गोडी असते, असं ॲरिस्टॉटल होमरची साक्ष काढून सांगतो. दहा मिनिटं माणूस बोलतो ती निव्वळ दुःखापोटी नाही, बोलताना बरंही वाटत असतं. शब्दामागून शब्द धारदार येऊ लागला आणि तो आल्याचं समाधान वाटू लागलं की समजा, हे वळण लावणं राहिलं नाही. तिथे वाक्य अर्धं सोडलंत तरी चालेल.

तोल गेलाच, तर माफी त्याच दिवशी, जेवणाच्या आधी मागा. माफीत 'पण' आला की ती माफी राहत नाही, तो आरोपाचा दुसरा हप्ता होतो. मुलीला वाटतं, आता उत्तर द्यायची आपली पाळी आहे. नेमकं बोला: 'मार्कांचा विषय काढायला नको होता. आईचं नाव घ्यायला नको होतं.' मोघम सॉरीपेक्षा हे कठीण असतं आणि म्हणून लागतंही. चुकीबद्दल तिच्याशी बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळं. आत्तापर्यंतची माफी अपुरी राहिली आहे. ती याच आठवड्यात पुरी करा, आणि लगेच ती हसली नाही तर वाट पाहा. दहावीतल्या मुलीला बापाचा बदल खरा आहे की नाही हे तपासायला काही दिवस लागणारच.

रात्रीचं काम पाच मिनिटांचं. सेक्स्टियस हा तत्त्ववेत्ता झोपण्यापूर्वी स्वतःला विचारत असे: आज कोणतं दुखणं बरं केलंस, कोणत्या दोषाला अडवलंस, कुठे सुधारलास? सेनेकाने ही रीत उचलली. दिवा गेला, बायको शांत झाली की तो सबंध दिवस तपासत असे. वहीत तीन ओळी लिहा: काय दिसलं, मी मनात कोणतं वाक्य घातलं, तोंडातून काय गेलं. मधली ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि सुरुवातीला तीच सुचत नाही. पंधरा-वीस दिवसांनी तेच वाक्य पुन्हापुन्हा येताना दिसेल. बहुतेक माणसांचा राग दोन-तीन ठरावीक वाक्यांवर चालतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर राग न आलेल्या दिवसावर खूण करा. हीही जुनीच रीत. एपिक्टेटस हा गुलामीतून सुटलेला तत्त्ववेत्ता निकोपोलिसला शिकवत असे आणि एरियन या शिष्याने त्याची प्रवचनं लिहून ठेवली. त्यात तो म्हणतो, न रागावलेले दिवस मोजा: आधी रोज रागावत होतो, मग दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. तीस दिवस सरले तर देवाला नैवेद्य दाखवा. त्याचा मुद्दा असा की प्रत्येक राग हा नुसता एक प्रसंग नसतो, तो सवयीला खतपाणी घालतो. मधे खंड पडला की सवय आधी क्षीण होते आणि मग जाते.

इथे काय काय बिघडतं तेही सांगायला हवं. सर्वांत जास्त बिघडतं ते उसंतीचं रूपांतर अबोल्यात होतं तेव्हा. माणूस ओरडणं थांबवतो आणि दोन दिवस तोंड फिरवून बसतो. घरच्यांना ओरडणं परवडलं असतं. हे पहिल्या तऱ्हेतून तिसऱ्या तऱ्हेत जाणं झालं. म्हणून गप्प बसायची हद्द ठरवा: त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो विषय एका वाक्यात बोलून संपवायचा. दुसरं, बारा दिवस खुणा झाल्या, तेराव्या दिवशी भडका उडाला की 'जित्याची खोड' म्हणून वही फेकून दिली जाते. एपिक्टेटसने एकदम तीस दिवस मागितलेले नाहीत, दिवसाआड येण्यालाही तो प्रगती मोजतो. तिसरं, वही स्वतःला झोडपायची जागा होते. सेनेकाचा सूर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तो स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ करतो. ज्याला स्वतःला माफ करता येत नाही तो वहीत खरं लिहिणं बंद करतो. आणि चौथं, शांत राहिल्याचा अभिमान: 'बघा, मी किती सोसतो.' तो घरच्यांना लगेच कळतो आणि जुन्या रागापेक्षा जास्त बोचतो.

स्वभावाला औषध नाही, हे अर्धं खरं आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, सद्गुण निसर्गतः येत नाहीत आणि निसर्गाच्या विरुद्धही येत नाहीत. ते स्वीकारायची क्षमता निसर्ग देतो, पूर्ण करते ती सवय. न्यायाची कामं करून माणूस न्यायी होतो, संयमाची कामं करून संयमी. हेच उलटही चालतं: रोज भडकण्याचाही सरावच होतो, आणि तो सराव तुमचा अनेक वर्षांचा आहे. त्यामुळे महिनाभरात सगळं उलटेल अशी आशा बाळगू नका. पहिली हालचाल, ती कानशिलं तापणं, बहुधा कायमच राहील. जखम भरली तरी शहाण्याच्या मनावर व्रण उरतो, असं झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं सेनेकाने दिलं आहे. तुम्हाला बदलायचा आहे तो होकार, तापमान नव्हे. हा फरक मनात पक्का असला तर राग आल्याबरोबर 'झालं, हरलो' असं वाटत नाही.

आता शेवटचा प्रश्न, लोक डोक्यावर बसतील का? इथे मोठ्या माणसांत मतभेद आहे. ॲरिस्टॉटलच्या मते ज्या गोष्टीवर रागवायला हवं तिथेही न रागावणारा माणूस मूर्ख ठरतो. स्वतःचा आणि आपल्यांचा अपमान मुकाट्याने गिळणं हे गुलामाचं लक्षण. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तितका, योग्य वेळी आणि योग्य तितकाच वेळ राग, ही त्याची सौम्यपणाची व्याख्या. सेनेका म्हणतो, रागाची गरजच नाही. वडील शिक्षा करतील, न्यायाधीश दंड करतील, सैनिक लढेल, पण यांतलं काहीही करायला राग लागत नाही, उलट तो हात चुकवतो.

यात निवड करायची तर ॲरिस्टॉटलनेच दिलेली एक कसोटी वापरा. मध्य सापडणं अवघड असतं, म्हणून आपला कल कुठल्या टोकाकडे आहे ते पाहा आणि मुद्दाम उलट्या टोकाकडे ओढा. घरात तुमचा कल जास्तीकडे आहे, म्हणून घरात सेनेका. तिथे 'थोडा राग हवाच' हे तत्त्व तुमच्या हातात देऊ नये, त्याचा लगेच परवाना होईल. ऑफिसात तुमचा कल कमीकडे आहे, म्हणून तिथे ॲरिस्टॉटल. माझ्या मते तुमच्याकडे सौम्यपणा कमी आहे त्याहून धैर्य कमी आहे, आणि त्या कमतरतेची किंमत मुलगी मोजते आहे. सद्गुण असे एकमेकांत अडकलेले असतात, एकट्या क्षमेवर कितीही काम केलं तरी पुरत नाही.

म्हणून या महिन्यात साहेबांशी एकदा बोला. भडकून नाही, आणि चार लोकांतही नाही. ज्या नोंदीवरून बोलणं खाल्लंत तिचा कागद हातात घ्या, तारीख आणि सही कुणाची ते दाखवा आणि दोन वाक्यं बोला: 'साहेब, ही नोंद माझ्याकडची नव्हती. पुढच्या वेळी काही चुकलं वाटलं तर आधी मला बोलावून विचारा.' वाक्यं घरी लिहून पाठ करा, कारण भीतीतही रागाइतकंच विसरायला होतं. आवाज कापला तरी चालेल. साहेब बदलतीलच असं नाही, पण दुपारचा अवमान दुपारच्या पत्त्यावर पोचला की संध्याकाळी घरी न्यायला कमी उरतं.

आणि ज्ञानेश्वरी सोडू नका, फक्त वेगळी वाचा. तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानेश्वर शस्त्राबद्दल फारसं न बोलता चालण्या-बोलण्याबद्दल बोलतात. ज्ञानी माणसाच्या बोलण्यात आधी स्नेह पाझरतो आणि अक्षरं मागून येतात, कुणाचं मन दुखावेल या शंकेने तो बोलायलाच कचरतो, असं ते सांगतात. तेवढाच भाग घ्या, रोज संध्याकाळी घराकडे निघण्याआधी वाचा, महिनाभर तोच. अठरा अध्याय एकदा वाचण्यापेक्षा पाच-सहा ओव्या तीस वेळा, ठरलेल्या वेळी, प्रसंगाच्या तोंडावर वाचल्या तर त्या संध्याकाळी सातला जाग्या असण्याची शक्यता जास्त.

तीन महिन्यांनी वही आणि कॅलेंडर घेऊन बसा, बायकोलाही बसवा, आणि तिच्या तोंडून ऐका काय बदललं. रागाची संख्या तीच राहिली पण दहा मिनिटांची तीन झाली, तर ते काम चालू असल्याचं चिन्ह आहे. काहीच हललं नसेल तर मदत घ्या. आणि झोप उडाली आहे, मन सतत खिन्न आहे, दारूचा आधार लागतो, वस्तू फेकल्या जातात, कुणावर हात उगारला जातो, यांपैकी एकही असेल, तर तीन महिने थांबू नका. तो भाग तत्त्वज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे. आधी फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भेटायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य मिळते, मराठीतून बोलता येतं.